टी. नगरचा गोंगाट कुणी रचला?

दक्षिणेच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबं चेन्नईत साडीखरेदीसाठी टी. नगर गाठतात. आवाज, झगमगाट, अंगाला अंग लागणं ज्या मुलांना सोसत नाही, त्यांच्या आईवडिलांना मात्र या नावानंच धडकी भरते. बाजार म्हटला की गोंगाट आलाच, असं म्हणून बेत रद्द होतो. टी. नगरचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. मद्रास प्रांतातल्या जस्टिस पक्षाच्या राजवटीत, १९२० च्या दशकात, लाँग टँक या लांबलचक तलावाचा माम्बलमकडचा भाग बुजवून ही वसाहत आखली गेली, ती राहण्यासाठी. पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांचं नाव वसाहतीला मिळालं, तर पनगलच्या राजांचं नाव मधल्या बागेला. त्या बागेभोवती रस्ते फुटले. १९२८ मध्ये नल्लींचं रेशमी वस्त्रांचं दुकान सुरू झालं. पुढे बाजार वाढत गेला. माम्बलम स्टेशनातून उस्मान रोडकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रंगनाथन स्ट्रीटवर बहुमजली दुकानं उभी राहिली. रस्ता वसाहतीच्या मापाचा, गिऱ्हाईक अख्ख्या शहराचं. तिथली घुसमट या विजोडपणातून आली.

जे माणसांच्या निर्णयांनी घडलं, ते निर्णयांनी बदलतंही. टी. नगरमधल्याच पाँडी बाजारात २०१९ मध्ये पदपथ रुंद करून पादचारी प्लाझा झाला. २०२३ मध्ये माम्बलम स्टेशन आणि टी. नगरचं बस टर्मिनस उंचावरच्या पुलानं जोडले गेले, म्हणजे नुसतं पलीकडे जायचं असेल तर रंगनाथन स्ट्रीटच्या रेट्यात शिरावं लागत नाही. यातलं काहीही गर्दी-गोंगाट न सोसणाऱ्या मुलांसाठी बांधलेलं नव्हतं, तरी उपयोग त्यांनाही होतो. या सोयीची किंमतही विसरता येत नाही: प्लाझाच्या आधी, २०१३ मध्ये, पदपथावरचे फेरीवाले एका संकुलात हलवले गेले. मोकळी जागा कुणाच्या तरी पोटावर उभी राहणार असेल, तर तिचं नियोजन फेरीवाल्यांना धरूनच व्हायला हवं.

‘मुलाला गर्दीची सवय लावा’ हा आक्षेप नेहमीचा. पण १९७२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ऑक्युपेशनल थेरपीत गर्दी-गोंगाट न सोसण्याचा प्रश्न हट्टाचा न मानता मेंदू संवेदना कशा हाताळतो याचा मानला जातो. स्वतंत्र निदान म्हणून त्याला सर्वमान्यता नाही, पण २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनं संवेदनांना मिळणारा तीव्र किंवा मंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या निकषांत घेतला. सवय लागते ती थोडी थोडी, आणि हवं तेव्हा बाहेर पडता येत असेल तरच. दिवाळीआधीच्या रविवारी रंगनाथन स्ट्रीटवर दोन्ही अशक्य. म्हणून सहलीच्या यादीतून टी. नगर खोडण्याचं कारण नाही. आडवारी सकाळी पाँडी बाजार, थकवा आला की पनगल पार्क, आणि रंगनाथन स्ट्रीट वगळून परत, एवढी आखणी पुरते. आईवडिलांनी ‘जायचं का?’ याऐवजी ‘कुठल्या रस्त्यानं, किती वाजता?’ असं विचारावं. आणि पालिकेलाही तेच विचारत राहावं.