काँग्रेस गवत: माशी नेमकी कुठे शिंकली?

शिंक म्हटलं की आपल्याला अपशकुन आठवतो. आज तिचं एक वेगळं कारण पाहू. ते इथे म्हैसूरला दिसतं, पण त्याचा माग पुण्यापर्यंत जातो.

आधी शिंक म्हणजे काय ते बघू. नाकाच्या अस्तराला काही झोंबलं की ट्रायजेमिनल नस मेंदूला खबर देते. तिथून हुकूम सुटतो आणि छातीतली हवा जोरात बाहेर पडते. तपकीर, मिरपूड, धूळ असेल तर दोन-चार शिंकांत काम भागतं. अ‍ॅलर्जी असली की शरीर साध्या परागकणांनाच शत्रू समजतं. हिस्टामिन सुटत राहतं आणि शिंकांची माळ लागते.

निवृत्तीनंतर मी म्हैसूरला राहतो. पावसाळ्यात इथले मोकळे प्लॉट बारीक पांढऱ्या फुलांनी भरतात. इथे त्याला ‘काँग्रेस गिड’ म्हणतात, आपल्याकडे काँग्रेस गवत किंवा गाजर गवत. शास्त्रीय नाव पार्थेनियम, मूळ मुलूख अमेरिका खंड.

१९५५च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. पी. एल. ४८०च्या गव्हातून ते आलं, असं आपण ऐकत आलो. पण तारखा ताडून बघा. भारताचा तो करार झाला ऑगस्ट १९५६मध्ये, म्हणजे रोप त्याआधीच पुण्यात पोचलं होतं. अमेरिकेचा गहू १९५१च्या कर्जातूनही आला होता. त्यामुळे ते गव्हाबरोबर आलं असेलही, पण त्या एका कराराच्या माथी खापर फोडता येत नाही.

एका रोपाला हजारो बिया येतात. कर्नाटकाने १९७५ साली ते उपद्रवी तण जाहीर केलं. १९८३मध्ये मेक्सिकोहून त्याची पानं खाणारा भुंगेरा आणला आणि पुढच्या वर्षी बंगळुरूत सोडला. तो पावसाळ्यात फडशा पाडतो, पण गवत संपलं नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंगळुरूच्या सुमारे ७ टक्के लोकांना याच परागकणांमुळे नाकाची अ‍ॅलर्जी असल्याचं आढळलं. शिवाय अंगाला खाज सुटते ती वेगळीच.

म्हणून मंडळी, रोप फुलायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी मात्र या कामाला हात लावू नये, शेजाऱ्याला सांगावं. शिंका थांबतच नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.