सीडी नव्हे, सनद : जुन्या सॉफ्टवेअरच्या लिलावाची कथा

१/ पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी वा रविवारी घड्याळ किंवा पितळी समई घेतली, दाम मोजले, की वस्तू आपली झाली. जुने सॉफ्टवेअर मात्र असे आपले होत नाही. ते का, आणि ऑनलाइन लिलावात खरेदीदार नेमका कोठे फसतो, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आधी थोडे मागे जाऊ. १८५२ च्या ११ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनला अधिकार मिळाले. जमीन पिढ्यान्‌पिढ्या ताब्यात असली, तरी कमिशनचा प्रश्न एकच : सनद कोठे आहे? पुण्यातील पेशवे दफ्तराशी दावे ताडून पाहिले गेले. ज्यांचा हक्क सिद्ध झाला नाही, अशी अनेक इनामे गेली. ताबा वेगळा आणि हक्क वेगळा, हा धडा पुण्याला तेव्हाच मिळाला.

३/ सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. सीडी म्हणजे ताबा, परवाना म्हणजे सनद. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’ अनेक छपाईवाल्यांनी वापरले. त्यासोबत संगणकाला जोडायचे ‘लॉक’ येई. लॉकवाचून नुसती सीडी निरुपयोगी. पण लॉक हाती असणे म्हणजेही परवाना नावावर असणे नव्हे.

४/ कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली संगणक आज्ञावलीला ‘साहित्यकृती’चे संरक्षण मिळाले. १९९४ च्या दुरुस्तीने, प्रत पूर्वी विकली गेली असली तरीही, ती विकण्याचा हक्क कॉपीराइटधारकाकडेच ठेवला. १९९९ च्या दुरुस्तीने ‘पूर्वी विकली गेली असली तरीही’ या आशयाचे शब्द वगळले. परवान्याच्या करारातील अटी मात्र राहिल्याच.

५/ याच सुमारास, २००० साली, मुंबईत बाझी डॉट कॉम हे लिलावस्थळ सुरू झाले. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. घरबसल्या बोली लावता येऊ लागली. परंतु खरेदीदाराला दिसे ते खोक्याचे छायाचित्र. करारनामा दिसत नसे.

६/ त्यातील धोका अमेरिकेत उघड झाला. टिमथी व्हर्नर याने एका वास्तुविशारद कंपनीकडून ऑटोकॅडच्या जुन्या प्रती घेऊन ईबेवर विकायला काढल्या. प्रती अस्सल होत्या. पण त्या कंपनीने सवलतीत नवी आवृत्ती घेताना जुन्या प्रती नष्ट करण्याचे मान्य केले होते. सप्टेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने ठरवले : ती कंपनी मालक नव्हे, केवळ परवानाधारक, म्हणून व्हर्नरही मालक नव्हे.

७/ युरोपने उलट कौल दिला. ३ जुलै २०१२ रोजी ‘युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ खटल्यात युरोपीय न्यायालयाने कायमचा परवाना पुढे विकता येतो असे मानले. अटी दोन : विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी करावी, आणि अनेक वापरकर्त्यांचा एकत्रित परवाना तोडून विकू नये.

८/ भारतात जोखीम किती? बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणे हा कलम ६३ब खाली गुन्हा आहे. शिक्षा ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५०,००० पर्यंत दंड करू शकते. भोसरीतला छोटा कारखानदार वा नारायण पेठेतला छपाईवाला ‘स्वस्तात मिळाले’ म्हणून धंद्यात वापरतो, तेव्हा ही सूट त्याच्या कामाची नाही.

९/ म्हणून बोलीपूर्वी विचारावे : मूळ बिल कोणाच्या नावे आहे? करार हस्तांतरास परवानगी देतो का? या प्रतीवर सवलतीची नवी आवृत्ती घेतली गेली आहे का? ती विद्यार्थ्यांसाठीची, वा संगणकासोबत आलेली तर नाही? विकणारा आपली प्रत काढून टाकल्याचे लेखी देईल का? अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घ्यावा, आणि हस्तांतर झाल्यावरच पैसे सुटतील अशी व्यवस्था असावी. केवळ आकड्यांची ‘की’ विकणाऱ्यापासून दूरच राहावे.

१०/ ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. लिलाव इतरत्र चालूच आहेत. तेथे ‘माल अस्सल आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. व्हर्नरचा माल अस्सलच होता. ‘हे विकण्याचा हक्क तुम्हाला आहे का, आणि त्याचा कागद कोठे आहे?’ हा इनाम कमिशनचा जुना प्रश्न बोली लावण्यापूर्वी आपणच विचारावा.