मॅकिंटॉश ते अंतर्वस्त्र : मूत्रगळतीच्या कापडाचा दोनशे वर्षांचा इतिहास

(१/१८)
महाराष्ट्रातील जुन्या रुग्णालयांत आजही परिचारिका ‘मॅकिंटॉश आणा’ म्हणाली, की वॉर्डातील मावशी रबराची चादर घेऊन येते. गादी भिजू नये म्हणून ती रुग्णाच्या कमरेखाली अंथरली जाते. हा शब्द मूळचा एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या चादरीपासून आज बाजारात मिळणाऱ्या, धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या शोषक अंतर्वस्त्रापर्यंतचा प्रवास या धाग्यात मांडला आहे. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना लघवीचे काही थेंब गळणे, हा त्याचा विषय.

(२/१८)
ग्लासगोचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये एका कापडाचे पेटंट घेतले. नॅफ्थ्यात विरघळवलेल्या रबराचा थर दोन कापडांच्या मध्ये दाबला, की पाणी आरपार जात नाही, एवढीच त्यामागची कल्पना. आरंभीचे हे कापड थंडीत ताठ होई आणि उष्म्याने चिकट होई. १८४० च्या दशकात चार्ल्स गुडइयर आणि थॉमस हॅनकॉक यांनी गंधकासह रबर तापवण्याची प्रक्रिया पक्की केली व रबर टिकाऊ झाले. पावसापासून बचावासाठी जन्मलेले हे कापड पुढे रुग्णशय्येवर पोहोचले.

(३/१८)
या चादरीने कोणाची सोय झाली, हे पाहण्यासारखे आहे. गादी कोरडी राहिली, परिचारिकेचे काम हलके झाले. परंतु रुग्णाची त्वचा ओलीच राहिली. रबर पाणी अडवते, शोषून घेत नाही. पुढे रबराच्या चड्ड्या आल्या, त्यांतही हाच दोष होता. ओल आणि उष्णता आत कोंडली गेली, की त्वचा मऊ पडते, सोलवटते आणि जखमा होतात. शिवाय या साऱ्या साधनांनी गृहीत धरलेला माणूस अंथरुणाला खिळलेला होता. चालत्याफिरत्या माणसाला घरातील जुन्या सुती कापडाची घडी हाच आधार होता.

(४/१८)
पुढचे पाऊल तान्ह्या बाळांमुळे पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघराच्या पडद्याचे कापड कापून लंगोटावरचे जलरोधक आवरण शिवले. ‘बोटर’ या नावाने ते १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू या दुकानात विक्रीस आले आणि १९५१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ब्रिटनमध्ये व्हॅलेरी हंटर गॉर्डन यांनी पॅराशूटच्या नायलॉनपासून ‘पॅडी’ तयार केली. बाहेरचे आवरण धुऊन पुन्हा वापरायचे आणि आतली शोषक घडी टाकून द्यायची, अशी तिची रचना होती. या दोघीही माता होत्या आणि लंगोटांच्या ढिगाला कंटाळल्या होत्या.

(५/१८)
‘पॅडी’ने एक महत्त्वाचा भेद रुजवला. पाणी धरून ठेवणे हे एक काम आणि पाणी बाहेर जाऊ न देणे हे दुसरे. दोन्ही कामे एकाच कापडावर सोपवली, की दोन्ही बिघडतात. त्यामुळे धरणारा थर वेगळा आणि अडवणारा थर वेगळा ठेवणे श्रेयस्कर. तथापि, एक प्रश्न तसाच उरला होता : भिजलेली घडी त्वचेला लागूनच असे. बाळाचा लंगोट वरचेवर बदलला जातो. कचेरीत, बसमध्ये किंवा लग्नघरात असलेल्या प्रौढ माणसाला ते शक्य नसते.

(६/१८)
याचे उत्तर १९७३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. एफ. एल. विलिंग्टन यांनी मूत्रगळतीसाठी ‘शिशुधान तत्त्व’ मांडले. कांगारूच्या मादीच्या पोटाला जशी पिशवी असते, तशी चड्डीच्या बाहेरच्या बाजूला जलरोधक पिशवी शिवायची आणि शोषक घडी त्या पिशवीत ठेवायची. घडी व त्वचा यांच्यामध्ये चड्डीचे कापड राहते. या चड्ड्या ‘कांगा’ या नावाने बाजारात आल्या. घडी बदलण्यासाठी चड्डी उतरवावी लागत नसे, हा त्यांचा मोठा गुण होता.

(७/१८)
मधले कापड जलविरोधी धाग्यांचे असे. असा धागा स्वतः पाणी पीत नाही. त्यामुळे लघवी विणीतून पलीकडे जाते, पिशवीतील घडी ती खेचून घेते आणि त्वचेला लागलेले कापड लवकर कोरडे होते. अशा रीतीने तीन थरांची रचना पूर्ण झाली : आतला थर पाणी पुढे सोडणारा, मधला धरणारा, बाहेरचा अडवणारा. आजच्या बहुतेक शोषक अंतर्वस्त्रांत हेच तीन थर असतात. दुकानात एखादी चड्डी हातात घेतल्यावर हे तीन थर कोठे आहेत ते बोटांनी चाचपून पाहावेत. निवडीची सुरुवात तेथूनच होते.

(८/१८)
साधन सुधारले, पण ते कोणासाठी हवे आहे याची मोजणी झालेली नव्हती. १९७१ मध्ये इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या व्याख्येत मूत्रगळती आजार ठरण्यासाठी दोन अटी होत्या : तिच्यामुळे सामाजिक किंवा स्वच्छतेचा प्रश्न निर्माण झालेला असावा आणि ती वस्तुनिष्ठपणे दाखवता यावी. म्हणजे कोणा तज्ज्ञासमोर ती सिद्ध व्हायला हवी. जी स्त्री दवाखान्याची पायरीच चढली नाही, तिची गळती या व्याख्येत बसण्याची शक्यता कमीच होती.

(९/१८)
१९८० मध्ये टी. एम. थॉमस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन मार्गांनी मोजणी केली. लंडनमध्ये आरोग्य व समाजसेवा यंत्रणांना ठाऊक असलेले रुग्ण मोजले, तेव्हा १५ ते ६४ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ०.२ टक्के निघाले. दुसरीकडे २२ हजारांहून अधिक लोकांना टपालाने प्रश्नावली पाठवली, तेव्हा त्याच वयोगटातील ८.५ टक्के स्त्रियांनी गळती होत असल्याचे कळवले. नोंदवहीत हजारी दोन, बंद पाकिटात हजारी पंच्याऐंशी.

(१०/१८)
६५ वर्षांवरील स्त्रियांत टपालातून आलेला आकडा ११.६ टक्के आणि त्याच वयाच्या पुरुषांत ६.९ टक्के होता. त्याहून बोलका होता तीव्रतेचा हिशेब. गळती कळवणाऱ्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांचीच गळती मध्यम किंवा तीव्र होती. उरलेल्यांची अल्प होती. दीडशे वर्षे साधने रुग्णशय्येकडे पाहून घडत होती आणि बहुसंख्य गरजू मात्र आपल्या पायांवर चालत, काम करीत, गप्प राहून दिवस काढत होते. त्यांच्यासाठी रबरी चादर निरुपयोगी होती आणि जाड लंगोट अपमानास्पद.

(११/१८)
बाजाराला हा वर्ग दिसला तो अमेरिकेत. किम्बर्ली-क्लार्क कंपनीने १९८४ मध्ये ‘डिपेंड’ हे प्रौढांचे टाकाऊ शोषक वस्त्र आणले. त्याच्या दूरचित्रवाणी जाहिरातींत अभिनेत्री जून अ‍ॅलिसन दिसू लागल्या. ज्या विषयावर घरात बोलले जात नव्हते, तो दिवाणखान्यात आला. याच दशकात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखी अतिशोषक द्रव्येही टाकाऊ साधनांत रुळली. हे द्रव्य आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी घेऊन त्याचा गोळा करते, त्यामुळे घड्या पातळ झाल्या.

(१२/१८)
धुता येणाऱ्या अंतर्वस्त्राची मर्यादा आणि जागा येथेच ठरते. असा गोळा झालेले द्रव्य धुऊन पूर्ववत करता येत नाही. म्हणून धुवायच्या चड्डीत मधला थर सुती, व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर धाग्यांचाच ठेवावा लागतो आणि बाहेर पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेले कापड येते. विलिंग्टन यांची सुटी पिशवी येथे चड्डीतच शिवली गेली. धाग्यांचा थर अतिशोषक द्रव्याइतके पाणी धरू शकत नाही. त्यामुळे ही चड्डी थेंबांसाठी व लहान धारेसाठी योग्य. मूत्राशय एकदम रिकामे होत असेल, तर अपुरी.

(१३/१८)
मग निवड कशी करावी? अल्प गळती असलेल्या स्त्रियांसाठीच्या साधनांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केला. टाकाऊ घडी, पाळीचे पॅड, धुता येणारी चड्डी आणि धुता येणारी सुटी घडी यांची त्यात तुलना होती. गळती रोखण्यात टाकाऊ घडी सामान्यतः सरस ठरली, परंतु तिचा खर्चही अधिक होता. काही स्त्रियांना चड्डीच अधिक पसंत पडली. एकच साधन सर्वांच्या माथी न मारता निवड करू द्यावी किंवा साधने मिळून वापरावीत, हा त्याचा व्यवहार्य निष्कर्ष. घरी चड्डी आणि लांबच्या प्रवासाला टाकाऊ घडी, अशी विभागणी त्यातून सुचते.

(१४/१८)
वेष्टनावरचा मिलिलिटरचा आकडा सावधपणे वाचावा. १९९६ च्या आयएसओ ११९४८-१ या मानकात घडी द्रवात पूर्ण बुडवून, निथळवून तिचे वजन करण्याची पद्धत आहे. तिला रॉथवेल पद्धत म्हणतात. ती एकूण धारणशक्ती सांगते. अंगावर मात्र घडीचा काही भागच भिजतो, बसल्यावर दाब येतो, आणि आकडा गाठण्याच्या कितीतरी आधी कडेने ओल फुटते. म्हणून आरंभी एकच चड्डी घ्यावी, घरी एक दिवस वापरून पाहावी आणि मगच बाकीच्या घ्याव्यात. मांडीशी सैल राहणारी चड्डी कितीही शोषक असली, तरी कडेने गळतेच.

(१५/१८)
पाळीसाठीची चड्डी आणि मूत्रगळतीची चड्डी दिसायला सारखी असली, तरी काम वेगळे आहे. पाळीचे रक्त दाट असते व हळू येते. लघवी पातळ असते आणि शिंकेसरशी एकदम येते. वरच्या थराने ती झटकन आत घेतली नाही, तर ती पसरते. पुरुषांमध्ये, विशेषतः प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर, ओल पुढच्या बाजूस येते. त्यांच्या चड्डीत शोषक थर पुढे व वरपर्यंत असावा लागतो. स्त्रियांसाठीची चड्डी मोठ्या मापात घेऊन ही गरज भागत नाही.

(१६/१८)
धुण्याचा विचार खरेदीपूर्वीच करावा. कापड मऊ करणारी द्रव्ये धाग्यावर लेप चढवतात आणि शोषण घटवतात. तीव्र उष्णतेने जलरोधक लेपाला तडे जातात. कोकणातल्या पावसाळ्यात जाड थराची चड्डी दोरीवर लवकर वाळत नाही, तेव्हा जोड्या जास्त लागतात किंवा थर पातळ निवडावा लागतो. द्रव्यांबाबतही सावधगिरी हवी. पाळी व अल्प गळती या दोन्हींसाठी धुता येणारी अंतर्वस्त्रे विकणाऱ्या अमेरिकेतील थिंक्स कंपनीने पीएफएएस रसायनांविषयीचा सामूहिक दावा २०२३ मध्ये आरोप अमान्य करीत तडजोडीने मिटवला. तिची बहुसंख्य मालकी त्याआधीच, २०२२ मध्ये, ‘डिपेंड’वाल्या किम्बर्ली-क्लार्ककडे गेली होती.

(१७/१८)
वस्त्र हा उपचार नव्हे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये श्रोणितळाच्या स्नायूंच्या व्यायामावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ताकद मोजण्यासाठी त्यांनी पेरिनिओमीटर हे उपकरणही वापरले. बाळंतपणानंतर सैलावलेले स्नायू सरावाने पुन्हा बळकट होऊ शकतात, हे त्यांचे म्हणणे आज उपचाराची पहिली पायरी बनले आहे. गळती अचानक सुरू झाली, लघवीत रक्त दिसले, जळजळ झाली किंवा लघवी अडली, तर आधी डॉक्टर गाठावा. गळतीच्या धास्तीने पाणी पिणे तोडणे हा उपाय नाही.

(१८/१८)
१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. तो मूत्रगळतीपुरता नव्हता, पण मौनाचे मोजमाप त्यात आहे : दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. २००२ मध्ये कॉन्टिनन्स सोसायटीने आपली व्याख्या बदलली. सिद्ध करून दाखवण्याची अट गेली. अनैच्छिक गळतीची तक्रार पुरेशी ठरली. घरातील आजी किंवा आजोबा लग्नाला, कीर्तनाला, एसटीच्या लांब प्रवासाला जायचे टाळू लागतात, तेव्हा ती तक्रार कित्येकदा न बोलताच केलेली असते. ती कोणी ऐकली, तर योग्य चड्डीची निवड हे पुढचे काम त्यामानाने सोपे आहे.