बोरू, फ्लॉपी आणि आपल्या दोन लिप्या

जुन्या संगणकाचा विषय निघाला की आमची पिढी हळवी होते. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर आणि ३६० केबी मावणारी सव्वापाच इंची फ्लॉपी! आठवण गोड खरीच. पण मराठीत लिहिणाऱ्या आणि घरात उर्दू वाचणाऱ्या आम्हा मुसलमानांना त्या काळाचा हिशेब लिपीच्या अंगाने मांडावा लागेल.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तो इंग्रजी अक्षरे घेऊन. उर्दूची अडचण तर त्याहून जुनी. नस्तालिकची अक्षरे तिरपी उतरत एकमेकांत मिसळतात; छापखान्याचे खिळे तिला मानवले नाहीत. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २०,००० अक्षरबंध लिहून काढले, मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात बसवले आणि १९८१ मध्येच लाहोरचे दैनिक ‘जंग’ या ‘नूरी नस्तालिक’मध्ये निघाले. १९९४ मध्ये भारतात तयार झालेल्या ‘इनपेज’मुळे तेच काम साध्या पीसीवर होऊ लागले. एका खुशनवीसाच्या अक्षराने असंख्य कातिबांच्या हातचा बोरू सुटला. उर्दू छपाई वेगवान आणि स्वस्त झाली. किताबतीवर चालणारी घरे मात्र उघडी पडली.

मराठीची वाट वेगळी होती. कानपूरच्या आयआयटीत आकाराला आलेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या सी-डॅकने कार्डाच्या रूपात पीसीत आणले. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही प्रमाण संकेतावली ठरली. देवनागरी, बंगाली, तमिळ यांना तिने एका सूत्रात बांधले. उर्दूची लिपी तेवढी बाहेर राहिली. छापखान्यांत तर ज्याचा त्याचा फाँट आणि ज्याचे त्याचे संकेत. तो फाँट नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक काला दिसे.

युनिकोडने हा प्रश्न सोडवला. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय घरोघरच्या संगणकात येऊ लागली. आज एकाच पानावर मराठी वाक्य आणि त्याशेजारी उर्दू शेर सुखाने नांदतात. ही कमाई लहान नाही.

परंतु मधल्या वीसेक वर्षांचे काय? शंभर वर्षांपूर्वी कातिबाने लिहून शिळाछापावर निघालेली पोथी आजही उघडून वाचता येते. १९९५ सालच्या फ्लॉपीला मात्र आधी यंत्र हवे, मग तो प्रोग्रॅम, मग तो फाँट. त्यातले एक जरी नसले तरी लेखन मुके. ज्या लेखनाच्या छापील प्रतीच मोजक्या निघाल्या, त्याचे तर विचारूच नका.

म्हणून जुन्या यंत्रासाठी उसासे टाकण्यापेक्षा संपादकांच्या कपाटांतल्या, छापखान्यांच्या माळ्यांवरच्या त्या फ्लॉप्या बाहेर काढू या. एखादे जुने यंत्र चालू आहे आणि ते चालवणारा माणूस हयात आहे, तोवर त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेऊ या. आणि एक प्रत कागदावरही काढून ठेवू या. कागदाला फाँट लागत नाही.