फाशीचा एक विचारी वकील

व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी म्हणून जॉन स्टुअर्ट मिल्ल आपल्या परिचयाचा आहे. आगरकरांनी ज्या पाश्चात्य ग्रंथकारांपासून विवेकाचे धडे घेतले, त्यांत तो अग्रगण्य होता. याच मिल्लने भर पार्लमेंटात फाशीच्या शिक्षेचे मंडन केले, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांस अडचणीची वाटते व ते तिच्याकडे कानाडोळा करतात. आम्हांस ते योग्य वाटत नाही. कोणत्याही पक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत समर्थ वकिलाच्या तोंडून ऐकावे, हाच न्याय होय.

21 एप्रिल 1868 रोजी कॉमन्स सभेपुढे एक बिल होते. फाशी चव्हाट्यावर न देता तुरुंगाच्या भिंतीआड द्यावी, असा त्याचा आशय. त्यावर गिल्पिन नामक सभासदाने, ही शिक्षा मुळातच रद्द करावी, अशी उपसूचना आणली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात किरकोळ चोऱ्यांनाही देहान्त शासन होते. 1861 पर्यंत ते खून, राजद्रोह व थोडे अन्य अपराध एवढ्यांपुरते उरले. ज्या सज्जनांनी हे घडविले त्यांचे ऋण मिल्लने मान्य केले. मात्र आता त्यांनी येथेच थांबावे, असे त्याचे म्हणणे पडले.

मिल्लचे समर्थन सुडावर उभारलेले नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याला फाशी हवी होती ती अत्यंत निर्घृण खुनापुरती. तीही पुरावा निःसंशय असेल आणि गुन्हेगाराच्या स्वभावात वा परिस्थितीत दयेला जागा नसेल तेव्हाच. अशास जन्मभर सक्तमजुरी द्या, म्हणणाऱ्यांस तो विचारतो : माणसाला जिवंतपणी थडग्यात कोंडणे ही दया कशी? ती शिक्षा खरोखर कडक राखली, तर मरणाहून क्रूर. सैल केली, तर तिचा धाक नाहीसा. उलट फाशी कल्पनेला जितकी भयंकर भासते, तितकी ती भोगताना नसते. म्हणून थोड्या यातनेत अधिक धाक बसतो. धाक बसत नाही, या आक्षेपालाही त्याचे उत्तर मार्मिक आहे. ज्यांना धाक बसला नाही ते आपल्याला दिसतात. ज्यांना बसला ते कोणाला दिसणार? प्राण घेऊन प्राणाची थोरवी कशी शिकविणार, असे कोणी म्हटले, तर दंड वसूल केल्याने मालमत्तेचा अनादर होतो काय, असा त्याचा प्रतिप्रश्न तयारच असे.

हे सारे मुद्दे वजनदार आहेत, आणि भावनेच्या भरात ते उडवून लावता येत नाहीत. परंतु एका आक्षेपापुढे खुद्द मिल्लही थबकला. निरपराध माणूस फासावर गेला, तर चूक दुरुस्त होत नाही. जेथे न्यायपद्धती निरपराध्यास धोक्याची आहे, तेथे हा आक्षेप अजिंक्य ठरेल, हे त्याने कबूल केले. इंग्लंडची पद्धती मात्र आरोपीच्याच बाजूला झुकलेली आहे, अशी ग्वाही त्याने दिली.

त्या ग्वाहीची कसोटी पुढे इंग्लंडातच लागली. टिमथी इव्हान्स हा पंचवीस वर्षांचा तरुण आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल मार्च 1950 मध्ये फाशी गेला. त्याच घरात राहणारा क्रिस्टी हा सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार होता. 1953 साली त्या घरात अनेक स्त्रियांची प्रेते सापडली, आणि इव्हान्सच्या पत्नीला आपणच मारल्याचे क्रिस्टीने कबूल केले. 1965 साली ब्रिटनने खुनाची फाशी स्थगित केली, 1966 साली इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली, आणि 1969 साली ती स्थगिती कायमची झाली. माफीचा कागद आला, पण तो घेणारा नव्हता.

आपल्या देशात ही शिक्षा कायद्यात अद्याप आहे. 1980 साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली, परंतु दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणापुरतीच. ही मर्यादा मिल्लच्या मर्यादेची सख्खी बहीणच होय. एखाद्या अमानुष कृत्याची वार्ता येताच आपल्या बैठकीत ‘लटकवा त्याला’ असा उद्गार निघतो. तो संताप आम्ही गैर मानीत नाही. मात्र मिल्लची साक्ष काढणाऱ्याने त्याची अटही सोबत घ्यावी. फाशीचे समर्थन करणे म्हणजे आपल्या पोलिसांच्या तपासाची, साक्षीदाराच्या सचोटीची आणि गरीब आरोपीला मिळालेल्या वकिलाची हमी घेणे होय. ती हमी छातीवर हात ठेवून देण्यास आम्ही धजत नाही.