दुबळे हृदय आणि रात्रीचा श्वास

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय. वाटूरकडेही घोरणाऱ्याची खाट ओसरीवर निघते आणि प्रकरण मिटते. परंतु हृदय दुबळे झालेल्या माणसाचा रात्रीचा श्वास ही थट्टेची बाब नव्हे, हे वैद्यकाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

१८१८ साली डब्लिनच्या डॉक्टर जॉन चेन यांनी एका साठ वर्षांच्या रोग्याचे वर्णन लिहून ठेवले. त्याचा श्वास पाव मिनिट अजिबात थांबे, मग हळूहळू वाढून धापेवर येई आणि ओसरत पुन्हा थांबे. १८५४ मध्ये विल्यम स्टोक्स यांनी याचा संबंध दुबळ्या हृदयाशी जोडला. रक्त सावकाश फिरते, त्यातील वायूंची खबर मेंदूला उशिरा पोहोचते; मग श्वासाचा हुकूम कधी जादा सुटतो, कधी सुटतच नाही.

घोरणाऱ्याचे दुखणे बहुधा निराळे असते. तिथे हुकूम सुटतो, पण घसा मिटतो. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन तो उघडा ठेवला. हे दुखणे परदेशापुरते नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाचे पुरुष तपासले; २००४ च्या त्या अहवालात शेकडा १९.५ जणांचा श्वास झोपेत अडखळत होता.

मग हेच यंत्र हुकूम चुकणाऱ्या हृदयरोग्यांनाही लावून पाहिले. २००५ च्या कॅनडातील प्रयोगात २५८ रोगी होते. श्वास सुधारला, आयुष्य वाढले नाही. पुढे श्वासागणिक दाब बदलणारे यंत्र आले. २०१५ च्या प्रयोगात १३२५ रोगी होते. तासाला सुमारे ३१ वेळा अडखळणारा श्वास सातांच्या आत आला. पण हृदयविकाराने यंत्रवाल्यांत शेकडा ३० दगावले, इतरांत २४! उत्पादनाचा तक्ता चढता आणि कामगार खंगलेला, हे आम्ही गिरणीच्या दारात पुष्कळ पाहिले आहे. खर्च यंत्र करणाऱ्या कंपनीचाच होता, तरी निकाल दडपला गेला नाही. हेही आमच्यासारख्याने सांगितलेच पाहिजे.

तेव्हा हृदय दुबळे असेल तर आधी हृदयाचेच औषध नीट चालवावे, आणि यंत्र घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: घसा मिटतो, की हुकूम थांबतो? २०२३ अखेर प्रसिद्ध झालेल्या ७३१ रोग्यांच्या प्रयोगात सुधारित यंत्राने मृत्यू वाढले नाहीत, घटलेही नाहीत; झोप मात्र बरी लागली.