ओटा आणि मार्था

जुन्या पनवेलच्या वाड्यांतून चुलीपुढे बसून, धूर सोशीत स्वयंपाक होत असे. १९७० साली सिडको स्थापन झाली. पुढे तिने वसविलेल्या नवीन पनवेलात अनेक कुटुंबांना उभा ओटा मिळाला.

अशा ओट्यामागील शास्त्र आपणांस जर्मनीत सापडते. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी स्त्रीने गृहिणीची पावले व वेळ मोजून फ्रँकफुर्टच्या कामगारवस्तीसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले. तशी सुमारे १०,००० घडली.

फरशीचा रंग जुना होतो. पाणी, उजेड व शेगडी यांचा नेमका मेळ जुना होत नाही. आम्हांस वाटते, मार्थेचे कष्ट हलके करून तिला मरियेशेजारी क्षणभर बसू देते, तेच स्वयंपाकघर कायम देखणे.